कोट्याचे कुंपण आणि बांगलादेशचा सदरा

१ जानेवारी २००५ रोजी जागतिक व्यापारातील एक विलक्षण चिवट व्यवस्था संपुष्टात आली. कोणत्या देशातून किती सदरे, किती विजारी, किती हातमोजे आपल्या बाजारात येऊ द्यायचे, याचे वार्षिक आकडे श्रीमंत देश ठरवीत असत; ती कोटापद्धती त्या दिवशी रद्द झाली. गंमत अशी की ही व्यवस्था जन्मतःच तात्पुरती होती. १९६१ मध्ये गॅटच्या छत्राखाली सुती कापडासाठी जो करार झाला त्याचे नावच ‘शॉर्ट टर्म अरेंजमेंट’ होते आणि त्याची मुदत एका वर्षाची होती. पुढच्याच वर्षी ‘लाँग टर्म अरेंजमेंट’ आली. १९७४ पासून लोकर आणि कृत्रिम धागे यांनाही कवेत घेणारी ‘मल्टिफायबर अरेंजमेंट’ लागू झाली आणि तिलाही पुनःपुन्हा मुदतवाढ मिळत गेली. एका वर्षासाठी घातलेले कुंपण त्रेचाळीस वर्षे उभे राहिले.

या करारांची भाषा स्वतंत्रपणे अभ्यासावी अशी आहे. १९५७ मध्ये जपानने अमेरिकेकडे जाणाऱ्या आपल्या सुती मालावर पाच वर्षांसाठी मर्यादा घालून घेतली, तिला ‘स्वेच्छेने’ घातलेली मर्यादा म्हटले गेले. ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही त्याच्या संमतीला स्वेच्छा म्हणण्याची रीत वाङ्मयाच्या अभ्यासकांना अपरिचित नसावी. १९६० मध्ये गॅटने ‘बाजार विस्कळीत होणे’ ही संकल्पना मान्य केली. तिचा मथितार्थ असा की, एखाद्या देशातून माल फार वेगाने येऊ लागला आणि तो स्थानिक मालापेक्षा बराच स्वस्त असला, तर तेवढ्यावरून तो बाजार विस्कळीत करतो असे समजता येईल. सर्व सभासदांना समान वागणूक देणे हे ज्या संस्थेचे मूळ तत्त्व, तिनेच देशागणिक वेगळा आकडा ठरवण्यास मान्यता दिली. लोखंड, साखर, यंत्रे अशा कोणत्याही वस्तूसाठी इतकी व्यापक आणि इतकी दीर्घायुषी अपवादव्यवस्था उभी राहिली नाही.

कापडाचा इतिहास म्हटला की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गिरणगाव आणि १९८२ चा संप उभा राहतो. येथे ज्याचा विचार करायचा आहे ती मात्र मागाची नव्हे, शिलाई मशीनची गोष्ट आहे. गिरणीला जमीन, इमारत, अवजड यंत्रे आणि मोठे भांडवल लागते. ती एका जागी रुजते. शिलाईला भाड्याचा मजला, वीज, काही डझन मशीने आणि हात पुरतात. एका हंगामात ते काम एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ शकते. कोट्याच्या कुंपणाचा सर्वांत अनपेक्षित परिणाम घडला तो यामुळेच.

हाँगकाँग, दक्षिण कोरिया आणि तैवान यांचे कोटे भरत आले, तशी तेथील कारखानदारांना एक साधी गोष्ट उमगली. आकडा देशाला लागू होता, कारखानदाराला नव्हता. मग ज्या देशाच्या नावापुढे अद्याप आकडाच लिहिलेला नाही, तेथे जाऊन शिवावे. हाँगकाँगमध्ये तर कोटा हीच विक्रीची वस्तू झाली होती. भारतात त्याचे वाटप १९७८ साली स्थापन झालेल्या ॲपरल एक्सपोर्ट प्रमोशन कौन्सिलकडे होते, आणि पूर्वीच्या निर्यातीच्या हिशेबाने हाती आलेला कोटा स्वतः एक टाकाही न घालता दुसऱ्यास विकून त्यावर जगणारे निर्यातदार आपल्याकडेही निपजले. पण कोटा नसलेल्या देशाच्या शोधाची सर्वांत बोलकी कथा आहे ती चितगावची.

१९७८ मध्ये दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीचे अध्यक्ष किम वू-चुंग आणि बांगलादेशातील माजी सनदी अधिकारी नूरुल कादेर यांच्यात करार झाला. कादेर यांच्या कंपनीचे नाव ‘देश गार्मेंट्स’. निर्यातीसाठी कपडे शिवण्याचा अनुभव बांगलादेशात जवळजवळ नव्हताच. १९७९ मध्ये कंपनीने आपली १३० माणसे पुसान येथील देवूच्या कारखान्यात सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी पाठवली. १९८० मध्ये चितगावजवळ काळुरघाट येथे उत्पादन सुरू झाले आणि त्या पहिल्या वर्षी ४३ हजार सदरे तयार झाले. पुढच्याच वर्षी ‘देश’ने देवूशी करार संपवला. पण त्याहून महत्त्वाचे घडले ते निराळेच. त्या १३० जणांपैकी ११५ माणसे १९८७ पर्यंत ‘देश’ सोडून गेली होती. कुणी स्वतःचे कारखाने काढले, कुणी इतरांच्या कारखान्यांत शिकवू लागली. मालकाच्या दृष्टीने ही गळती होती, देशाच्या दृष्टीने पेरणी.

याच काळात दोन कारकुनी युक्त्या बांगलादेशात रूढ झाल्या. त्या नसत्या तर ही पेरणी उगवली नसती. एक, निर्यातीसाठी आणलेले कापड जकात न भरता ठेवण्याचे बाँडेड गोदाम. दुसरी, ‘बॅक-टु-बॅक’ एलसी. परदेशी गिऱ्हाइकाने उघडलेले पतपत्र तारण म्हणून बँकेत ठेवायचे आणि त्याच्या बळावर कापड मागवण्यासाठी दुसरे पतपत्र उघडायचे. अंगी भांडवल नसलेल्यालाही त्यामुळे कारखाना काढता आला. १९८५ मध्ये अमेरिकेने बांगलादेशी कपड्यांवर कोटे लावले, तेव्हा त्या देशाच्या वाट्याला निदान हमखास हिस्सा आला. रोखण्यासाठी लिहिलेला आकडा राखीव जागेसारखा उपयोगी पडू लागला. या उद्योगाचे टीकाकार आणि भाट दोघेही ही गोष्ट सोयीस्करपणे विसरतात.

१९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि कोटे दहा वर्षांत मोडीत काढण्याचे ठरले. १९९० च्या आयातीच्या आकारमानावर आधारून १९९५ मध्ये १६ टक्के, १९९८ मध्ये १७, २००२ मध्ये १८ आणि उरलेले सारे ४९ टक्के अखेरच्या दिवशी, असा क्रम होता. कोणत्या वस्तू आधी मोकळ्या करायच्या, हे आयातदार देशांनी ठरवायचे होते. त्यांनी सुरुवातीला निवडल्या त्या बहुतेक अशाच वस्तू की ज्यांच्यावर मुळात कोटा नव्हता. हवाई छत्र्यासुद्धा करारातील यादीत होत्या. शब्द पाळला गेला आणि सदरा जेथल्या तेथे राहिला. २००४ च्या डिसेंबरअखेर बांध एकदम फुटणार हे सर्वांना दिसत होते. चीन सारी बाजारपेठ गिळणार आणि बांगलादेश, लेसोथो, मॉरिशस यांसारखी कुंपणाच्या सावलीत वाढलेली रोपे करपणार, असे भाकीत होते.

पहिले काही महिने भाकिताप्रमाणेच गेले. चिनी मालाचा लोंढा पाहून युरोपीय संघाने १० जून २००५ रोजी शांघायमध्ये चीनशी नव्या मर्यादांचा करार केला, आणि ऑगस्टमध्ये त्या मर्यादा ओलांडलेले कोट्यवधी स्वेटर, विजारी आणि अंतर्वस्त्रे युरोपच्या बंदरांत अडकून पडली. युरोपच्याच दुकानदारांनी तो माल आधी मागवून ठेवला होता. सप्टेंबरमध्ये बीजिंगला तडजोड झाली, नोव्हेंबरमध्ये अमेरिकेनेही २००८ अखेरपर्यंतच्या मर्यादा चीनकडून मान्य करून घेतल्या. लेसोथो आणि मॉरिशस येथील कारखाने बंद पडले, कामगार घरी बसले. बांगलादेश मात्र तगला, नव्हे फोफावला. २००४-०५ मध्ये त्याची तयार कपड्यांची निर्यात सुमारे ६.४ अब्ज डॉलर होती, २०१२-१३ मध्ये ती सुमारे २१.५ अब्जांवर गेली.

याची कारणे सांगितली जातात ती खोटी नाहीत. चीनवरील मर्यादांनी उसंत मिळाली. युरोपने २००१ पासून सर्वांत गरीब देशांना शस्त्रे वगळता सर्व वस्तूंवर जकातमाफी दिली होती, आणि २०११ पासून बाहेरून आणलेले कापड शिवले तरी ती मिळू लागली. पण आणखी एका आकड्याकडे पाहिल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही. बांगलादेशात कपडे उद्योगातील किमान मासिक वेतन १९९४ मध्ये ९३० टाका ठरले आणि ते थेट २००६ पर्यंत तेवढेच राहिले. कोटे टप्प्याटप्प्याने उठण्याची दहा वर्षे पूर्णपणे या बारा वर्षांत मोडतात. २००६ च्या मे महिन्यात कामगारांचा असंतोष रस्त्यावर उसळला, तेव्हा कुठे वेतन १,६६२ टाका ५० पैसे झाले.

कोटा होता तोवर मोठ्या गिऱ्हाइकाला आपली मागणी अनेक देशांत वाटून द्यावी लागे. हाँगकाँगच्या ली अँड फुंग या पेढीचे व्हिक्टर फुंग यांनी १९९८ मधील एका मुलाखतीत आपल्या कामाचे उदाहरण दिले होते: सूत कोरियाचे, विणकाम व रंगकाम तैवानचे, चेन चीनमधील जपानी कारखान्याची आणि शिलाई थायलंडमध्ये. शिलाई थायलंडमध्ये का, तर कोटे आणि मजुरीची स्थिती पाहता ते सोयीचे. २००५ नंतर त्यातले ‘कोटे’ गळाले आणि मजुरी उरली. पूर्वी सरकारे आकडे ठरवीत. ते छापले जात, त्यांवर भांडता येई. आता आकडा खरेदीपत्रावर आला, आणि ते पत्र कोणत्याही राजपत्रात प्रसिद्ध होत नाही. दर खाली, मुदत कमी, नाही तर काम दुसऱ्या देशात. हे सत्तांतर कुठल्याही अभिलेखात नोंदलेले नाही, म्हणूनच इतिहासकाराने त्याकडे अधिक बारकाईने पाहायला हवे.

कोटे उठून शंभर दिवस होतात न होतात तोच, ११ एप्रिल २००५ रोजी सावर येथील स्पेक्ट्रम स्वेटरची इमारत कोसळून साठाहून अधिक कामगार मेले. आठ वर्षांनी, २४ एप्रिल २०१३ रोजी, त्याच सावरमध्ये राणा प्लाझा कोसळला. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यांवरील बँक आणि दुकाने बंद झाली. वरच्या पाच कपडे कारखान्यांतील कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले गेले. १,१३४ माणसे मेली. माल कुणासाठी शिवला जात होता हे सिद्ध करण्यासाठी कार्यकर्त्यांना ढिगाऱ्यातून कपड्यांची लेबले आणि मागणीचे कागद वेचावे लागले.

त्यानंतर मे २०१३ मध्ये कामगार संघटना आणि परदेशी कंपन्या यांच्यात इमारतींच्या सुरक्षिततेचा कायदेशीर बंधनकारक करार झाला, ‘अकॉर्ड’ या नावाने तो ओळखला जातो. तपासण्या, दुरुस्त्या, आगीपासून बचाव या कलमांची चर्चा पुष्कळ झाली. त्यातील एका कलमाकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. त्यानुसार सह्या करणाऱ्या कंपन्यांनी पहिली दोन वर्षे तरी आपल्या प्रमुख बांगलादेशी कारखान्यांना आदल्या वर्षाइतके किंवा त्याहून अधिक काम द्यायचे होते. जपानच्या ‘स्वेच्छे’पासून पुढे जे जे करार झाले त्यांनी जास्तीत जास्त किती हे लिहिले होते, येथे कमीत कमी किती हे लिहिले गेले. त्याच वाक्यात पुढे अटही आहे: कंपनीला ते काम व्यापारी दृष्ट्या परवडत असेल तर.