व्हिडीओ कॉलने जोडलेले वर्ग

दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या शाळांतील विद्यार्थ्यांना दृक्‌-श्राव्य संवादाद्वारे काही काळ एकमेकांसमोर आणण्याचा प्रघात आता शिक्षणक्षेत्रात चांगलाच रुळला आहे. दूरशिक्षणाहून हा प्रकार निराळा. दूरशिक्षणात एक बोलतो आणि पुष्कळजण ऐकतात. येथे दोन्ही बाजूंनी मुलेच बोलतात, निदान तशी अपेक्षा असते.

आपल्याकडील पहिला मोठा प्रयोग एकेरीच होता. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या ‘एटीएस-६’ उपग्रहाच्या साहाय्याने ‘साईट’ प्रकल्प राबवण्यात आला व सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. खेड्याला मात्र उलट प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. २० सप्टेंबर २००४ रोजी सोडलेल्या ‘एज्युसॅट’ उपग्रहाने ती आणली. तरीही सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून येणाऱ्या संदेशामुळे प्रश्न आणि उत्तर यांत अर्ध्या सेकंदाहून थोडे अधिक अंतर पडेच. ऐकायला क्षुल्लक वाटते, पण एवढ्यानेही दोघे एकदम बोलू लागतात आणि मग दोघेही गप्प होतात.

खरा पालट ‘स्काईप’ने घडवला. २००३ साली आवाजापुरती सुरू झालेली ही सेवा २००६ पासून चित्रही दाखवू लागली आणि साध्या संगणकावर, वेगळ्या खर्चाविना, परदेशातील वर्ग दिसू लागला. शिक्षकांमध्ये सर्वाधिक लोकप्रिय झालेला खेळ म्हणजे ‘मिस्ट्री स्काईप’. समोरचा वर्ग कुठला, हे मुलांना ठाऊक नसते. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मिळेल असे प्रश्न विचारून ते शोधायचे. ‘तुमच्या देशाला समुद्रकिनारा आहे का?’ हा प्रश्न चांगला, कारण एका उत्तरात अनेक देश गळतात. ‘तुम्ही जपानचे का?’ हा घाईचा. काही मुले नकाशा सांभाळतात, काही नोंदी ठेवतात, काही विचारतात. भूगोलाच्या तासाला डुलक्या काढणारेही यात नकाशावर ओणवे होतात. ‘स्काईप’ ५ मे २०२५ रोजी बंद झाले; खेळ मात्र ‘झूम’ वा ‘गुगल मीट’वर तसाच खेळता येतो.

महाराष्ट्राचे नाव या क्षेत्रात गाजले ते सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेमुळे. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राईझ’ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. क्यूआर कोडच्या पाठ्यपुस्तकांची चर्चा अधिक झाली; पण इंटरनेटवरून घडवलेल्या सहली आणि भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाईन अशा तणावग्रस्त देशांतील मुलांना संवादात आणणारा त्यांचा उपक्रम अधिक मोलाचा म्हणावा लागेल. २००९ मध्ये सुगाता मित्रा यांच्या आवाहनावरून ब्रिटनमधील स्वयंसेवक भारतीय मुलांशी ‘स्काईप’वर गप्पा मारू लागले, गोष्टी वाचून दाखवू लागले. त्यांत निवृत्त शिक्षकही होते. या मंडळींना ‘ग्रॅनी क्लाऊड’, म्हणजे आज्यांचा मेघ, असे लोभस नाव पडले.

अडचणी बहुधा घड्याळापासून सुरू होतात. अकरा ते पाचच्या शाळेला लंडनचे सकाळचे नऊ हिवाळ्यात दुपारी अडीच वाजता आणि उन्हाळ्यात दीड वाजता गाठता येतात. न्यूयॉर्कमध्ये आठ वाजतात तेव्हा इकडे साडेपाच किंवा साडेसहा झालेले असतात, म्हणजे शाळा सुटलेली. त्यामानाने जपान केवळ साडेतीन तास पुढे. दुसरी अडचण आवाजाची. चित्र अडखळले तरी मुले निभावून नेतात. पंख्याची घरघर आणि भिंतींचा घुमारा मात्र संवाद मारतो. बोलणाऱ्या मुलाच्या हाती माईक देणे हा सर्वांत स्वस्त उपाय. कॅमेऱ्यासमोर खिडकी आली, तर चेहरे काळवंडतात.

भाषेची अडचण याहून नाजूक. शहरी इंग्रजी शाळा आणि खेड्यातील मराठी शाळा जोडल्या, की पहिली बोलते व दुसरी पाहुण्यासारखी बसून राहते. सातारा जिल्ह्यातील मुलांनी नागपूर वा चंद्रपूरच्या मुलांशी मराठीतच बोलावे, आपापल्या बोलीतील शब्द विचारावेत, हे अधिक फलदायी. परदेशाचा सोस येथे सोडलेला बरा. एकाच भेटीवर थांबल्यास ती पाहुण्यांच्या शाळाभेटीसारखी होते: टाळ्या, छायाचित्र आणि निरोप. तीन-चार भेटी ठरवाव्यात आणि मधल्या दिवसांत दोन्हीकडे एकच काम द्यावे. रोजचा पाऊस मोजणे हे त्यासाठी उत्तम, कारण दुसऱ्या भेटीत बोलायला आकडे हाताशी असतात.