वजन घटवणारी औषधे : निवड

स्थूलतेवरील, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळणाऱ्या औषधांपैकी एखाद्या रुग्णाला कोणते द्यावे हे ठरवणे. पूर्वी निवडीला फारसा वाव नव्हता. सिब्युट्रामिन हृदयाला धोका असल्याने भारतात २०११ साली बंद झाले. जेवणातील चरबी शोषू न देणारे ऑर्लिस्टॅट उरले, पण त्याचा परिणाम माफक. खरा पेच २०२५ मध्ये आला. त्या वर्षी २० मार्चला टिर्झेपाटाइड (मौंजारो) आणि २४ जूनला वजनासाठीचे सेमाग्लुटाइड (वेगोव्ही) भारतात विक्रीस आले. दोन्ही आठवड्यातून एकदा पोटावर किंवा मांडीवर टोचायची. भूक कमी होते आणि जठर सावकाश रिकामे होते.

नावांचा घोळ आधी सोडवावा लागतो. मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या ओपीडीतली किंवा खासगी दवाखान्यातली चिठ्ठी घेऊन परळ-दादरच्या केमिस्टकडे गेलेल्या माणसाला अनेक नावे ऐकू येतात, औषधे मात्र दोनच असतात. लोअर परळमध्ये मुख्यालय असलेल्या सिप्लाचे युरपीक म्हणजे टिर्झेपाटाइडच. पुण्याच्या एमक्युअरचे पोविझ्ट्रा म्हणजे सेमाग्लुटाइड. ओझेम्पिक आणि रायबेल्ससही सेमाग्लुटाइडच, पण मधुमेहासाठी मंजूर झालेले. रायबेल्सस ही गोळी उपाशीपोटी अर्ध्या पेल्याहून कमी पाण्यासोबत घ्यायची आणि पुढे अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. सकाळच्या चहालाही थांबावे लागते. एकच औषध दोन नावांनी घरात आले तर दुप्पट मात्रा जाण्याची भीती असते, म्हणून खोक्यावरचे मूळ नाव वाचणे ही निवडीची पहिली पायरी.

कोणाला द्यावे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न. मंजुरीनुसार बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) ३० किंवा त्याहून जास्त हवा. मधुमेह, रक्तदाब यांसारखा वजनाशी निगडित आजार असेल तर २७ पुरतो. पण भारतीय शरीराचे गणित वेगळे आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय २२.३ असा सारखाच होता. चरबीचे प्रमाण मात्र याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के आणि युडकिन यांच्यामध्ये ९.१ टक्के निघाले. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी हे मांडले. म्हणूनच आपल्याकडे २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून स्थूलता धरतात. कंबरेचा घेर न मोजता नुसत्या काट्यावरून इंजेक्शन लिहिणे अपुरेच.

थेट तुलनेच्या चाचणीत (२०२५, मधुमेह नसलेले स्थूल रुग्ण, ७२ आठवडे) टिर्झेपाटाइडने सरासरी २०.२ टक्के, सेमाग्लुटाइडने १३.७ टक्के वजन उतरले. तरीही केवळ या आकड्यांवर निवड करणे चूक ठरेल. हृदयविकार आधीच असलेल्यांमध्ये सेमाग्लुटाइडने हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ साली दिसले. झोपेत श्वास अडकण्याच्या आजारावर अमेरिकेत टिर्झेपाटाइडला २०२४ मध्ये मंजुरी मिळाली. सोबतचा आजार कोणता, यावर पारडे झुकते.

खर्चही वैद्यकीय निकषाइतकाच धरावा, कारण औषध थांबवल्यावर वजन परत चढते. सेमाग्लुटाइड बंद केल्यानंतर वर्षभरात उतरलेल्यापैकी सुमारे दोन तृतीयांश परतल्याचे आढळले. मौंजारोच्या २.५ मिलिग्रॅमच्या कुपीची सुरुवातीची किंमत ३,५०० रुपये होती, तीही आठवड्याला एक. सेमाग्लुटाइडचे भारतातील पेटंट मार्च २०२६ पर्यंतचे होते. त्यानंतर स्वस्त भारतीय पर्यायांची वाट मोकळी झाली. वर्षानुवर्षे परवडेल तेच घ्यावे.

मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता दोन्हींत होतात. म्हणून मात्रा दर चार आठवड्यांनी किंवा त्याहून सावकाश वाढवतात. स्वतःला किंवा कुटुंबात मेड्युलरी थायरॉइड कर्करोग असेल तर दोन्ही टाळावीत. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. गर्भधारणेत दोन्ही वर्ज्य. सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवतात. टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, तेव्हा सुरुवातीला आणि प्रत्येक मात्रावाढीनंतर चार आठवडे दुसरा उपाय लागतो. इन्सुलिन चालू असल्यास साखर फार खाली जाऊ नये म्हणून त्याची मात्रा डॉक्टर कमी करतात.

न वापरलेले इंजेक्शन २ ते ८ अंश तापमानात, फ्रीझरपासून दूर ठेवावे; गोठले तर टाकून द्यावे. मुंबईच्या हिंदमाता परिसरात मुसळधार पावसात पाणी तुंबते, वाहतूक खोळंबते. पावसाळ्यात खरेदीला जाताना थंड पिशवी सोबत न्यावी आणि हातातला डोस संपायच्या आठवडाभर आधीच पुढचा आणून ठेवावा.