समकक्ष संगणक जाळ्यांतील संरचना

समकक्ष संगणक जाळ्यांतील संरचना : मध्यवर्ती नियंत्रण नसलेल्या संगणक जाळ्यात आपोआप निर्माण होणारी किंवा नियमांनी घडविलेली मांडणी. समकक्ष (पीअर-टु-पीअर) जाळ्यातील प्रत्येक संगणक माहिती मागतो व पुरवितोही. त्यामुळे तत्त्वतः सर्वांचा दर्जा समान असतो. परंतु प्रत्यक्षात ही समानता फार काळ टिकत नाही, असे या जाळ्यांच्या इतिहासावरून दिसून येते.

शॉन फॅनिंग याने १९९९ मध्ये सुरू केलेल्या ‘नॅपस्टर’ सेवेत संगीताच्या फायली एका वापरकर्त्याकडून दुसऱ्याकडे थेट जात. मात्र त्यांची सूची कंपनीच्या सर्व्हरवर असे. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांनी लावलेल्या दाव्यात न्यायालयाचा मनाई हुकूम झाला व जुलै २००१ मध्ये ही सेवा बंद पडली. फायली वापरकर्त्यांकडे तशाच होत्या, पण सूचीबरोबर जाळेही संपले.

मार्च २००० मध्ये जस्टिन फ्रँकेल व टॉम पेपर यांनी प्रसृत केलेल्या ‘ग्नूटेला’त अशी सूचीच नव्हती. प्रत्येक प्रश्न शेजारच्या संगणकांकडे, तेथून त्यांच्या शेजाऱ्यांकडे असा सामान्यतः सात टप्पे जाई. प्रत्येकास चार शेजारी धरल्यास एक प्रश्न जास्तीत जास्त ४,३७२ संगणकांपर्यंत पोहोचतो. या भाराने दूरध्वनी तारांवरून जोडलेले मंद संगणक गुदमरू लागले. त्याच वर्षी एटन अडार व बर्नार्डो ह्यूबरमन यांना असे आढळले, की जवळजवळ ७०% वापरकर्ते स्वतःची एकही फाईल देत नाहीत आणि सुमारे निम्मी उत्तरे केवळ १% संगणकांकडून येतात. पुढे ग्नूटेलाने ही विषमता मान्य करून वेगवान संगणकांना ‘अल्ट्रापीअर’ हा वेगळा दर्जा दिला. २००१ मधील ‘कझा’तही असेच ‘सुपरनोड’ होते.

दुसरा मार्ग नियमबद्ध रचनेचा होय. २००१ मध्ये ‘कॉर्ड’, ‘पेस्ट्री’ इ. पद्धती मांडण्यात आल्या. कॉर्डमध्ये प्रत्येक संगणकास व माहितीस एका कल्पित वर्तुळावरील क्रमांक मिळतो. प्रत्येक संगणक दुपटीने वाढत जाणाऱ्या अंतरांवरील मोजक्या संगणकांचे पत्ते बाळगतो. त्यामुळे जाळ्यात दहा लाख संगणक असले, तरी सुमारे वीस पत्ते पुरतात व शोध सरासरी दहा टप्प्यांत लागतो. पेटर मायमुंकोव्ह व डेव्हिड मॅझिएर यांची ‘कॅडेम्लिया’ (२००२) ही याच वर्गातील पद्धत असून २००५ पासून तिचा उपयोग ‘बिटटोरेंट’मध्ये होऊ लागला.

येथे विषमता कमी होते, पण विश्वासाचा प्रश्न उरतो. एकच व्यक्ती अनेक खोट्या ओळखी धारण करून जाळ्याचा मोठा भाग बळकावू शकते. ओळखीची शहानिशा करणारे केंद्र नसल्यास हे पूर्णपणे रोखणे व्यवहारतः अशक्य असते, असे जॉन डूसर यांनी २००२ मध्ये दाखविले. तात्पर्य, केंद्र काढून टाकल्याने जाळे संरचनाहीन होत नाही. जेथे नियम नसतात, तेथे अधिक क्षमतेच्या थोड्या संगणकांकडे सूत्रे जातात; जेथे नियम असतात, तेथे ते पाळले जातील याची हमी कोणी द्यावयाची, हा प्रश्न राहतो.