गल्लीपर्यंत पोचणारा नकाशा

काशीत पंचगंगा घाटाच्या वरच्या अंगाला, ब्रह्माघाट आणि दुर्गाघाट यांच्या शेजारी दूधविनायक नावाचा मोहल्ला आहे. या भागात मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कुणी वेदाध्ययनाला गेलं, कुणी पेशव्यांच्या नाहीतर शिंदे-भोसल्यांच्या कारभारात, कुणी नुसत्या काशीवासाला. त्या घरांतला आजचा माणूस पुण्यात, इंदुरात नाहीतर हैदराबादेत बसून जुना वाडा शोधू पाहतो, तेव्हा तो संगणकावर दोन नकाशे एकावर एक ठेवतो: एक जुना, स्कॅन केलेला, आणि एक आजचा. मग माउसचं चाक फिरवतो आणि पडदा पांढरा होतो. दहा सेकंद, वीस सेकंद. तेवढ्यात चहा येतो आणि वाडा राहून जातो.

आज बोलायचंय ते या पांढऱ्या पडद्याच्या इतिहासाबद्दल. ही अडचण संगणकाबरोबर आली असं वाटतं, पण ती कागदाइतकी जुनी आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट घ्या, १:५०,००० प्रमाणाची. तिच्यावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे पन्नास मीटर. दूधविनायकाकडची गल्ली दोन मीटर रुंद धरली, तर कागदावर ती ०.०४ मिलिमीटर भरेल. इतकी बारीक रेघ कोण काढणार? म्हणून नकाशाकार गल्ल्या सोडून देतो आणि सगळा दाट भाग एकाच रंगात भरतो. तपशील हवा तर मोठ्या प्रमाणाचा दुसरा नकाशा काढायचा. म्हणजे कागदाच्या काळात झूम करणं म्हणजे कपाटातून वेगळी शीट काढणं.

आणि कुठली शीट, हे कळायला जोडपत्रक लागे. यात काशीची एक गंमत आहे. ८३ अंश पूर्व रेखांश बरोबर या शहरातून जातो, म्हणून जुन्या मालिकेत कँट स्टेशन ६३ के/१५ या शीटवर, तर दूधविनायक ६३ ओ/३ वर. स्टेशनावर उतरून सायकलरिक्षानं घरी जाणारा माणूस वाटेत एक शीट ओलांडत असे! पण या क्रमांकांची युक्ती पाहा. ६३ म्हणजे चार अंशांचा चौकोन, त्याचे सोळा भाग म्हणजे अक्षरं, प्रत्येक अक्षराचे पुन्हा सोळा भाग. मोठ्यातून लहानात उतरत जाणारा पत्ता. काशीचे घरक्रमांकही याच जातीचे: आधी अक्षर, मग आकडा, मग तिरकी रेघ आणि घर. 'के' म्हणजे कोतवाली; काळभैरवाचं देऊळ के ३२/२२. पोस्टमन सगळी काशी पालथी घालत नाही, कारण पहिल्या अक्षरालाच बाकीचं शहर बाद होतं. १९७४ साली फिंकेल आणि बेंटली यांनी क्वाडट्री मांडली, १९८४ साली गटमन यांनी आर-ट्री मांडली, ती संगणकासाठी याच हिशेबाची मांडणी. नकाशाच्या फाइलीला असा अवकाशीय निर्देशांक नसेल, तर एक गल्ली दाखवण्यासाठी सॉफ्टवेअर जिल्ह्यातली प्रत्येक रेघ तपासत बसतं. निर्देशांक बांधायला बहुधा काही सेकंद पुरतात, आणि तरीही बहुतेक लोक तो बांधत नाहीत. का, ते मला कधीच कळलेलं नाही.

आता जुन्या नकाशाकडे. जेम्स प्रिन्सेप १८२० साली बनारसच्या टांकसाळीत धातुपरीक्षक म्हणून आला. ब्राह्मी लिपी वाचणारा तो हाच, पण ते नंतरचं. १८२२ मध्ये, वयाच्या तेविशीच्या आसपास, त्यानं शहराची मोजणी करून नकाशा तयार केला आणि तो लंडनला शिळाछापावर छापला गेला. पंचगंगेवरच्या औरंगजेबाच्या मशिदीचे मिनार, ज्यांना लोक 'माधवराव का धरहरा' म्हणत, त्यांची दुरुस्तीही त्यानंच करवली. दूधविनायकाच्या आसपासचा भाग त्याच्या पायाखालचा होता.

असा एखादा जुना नकाशा समजा एक मीटर रुंद आणि पाऊण मीटर उंच आहे. इंचाला सहाशे ठिपक्यांनी स्कॅन केला, तर साधारण २३,६०० गुणिले १७,७०० म्हणजे जवळजवळ ४२ कोटी ठिपके होतात. रंगीत असेल तर सव्वा अब्ज बाइट. तुमच्या पडद्यावर मावतात वीस लाख. अख्खं शहर पडद्यावर बसवायचं झालं, तर एकेक ठिपका दाखवण्यासाठी दोनशे ठिपके वाचायचे आणि १९९ फेकून द्यायचे. प्रत्येक वेळी, चाकाच्या प्रत्येक टिचकीला. पडदा पांढरा होतो तो इथे.

यावरचा उपाय १९७० च्या दशकात प्रतिमा-प्रक्रियेत निघाला आणि १९८३ मध्ये लान्स विल्यम्स यांनी संगणकीय चित्रांसाठी तो प्रसिद्ध केला: चित्राच्या निम्म्या, पाव, अष्टमांश मापाच्या प्रती आधीच करून ठेवायच्या. याला पिरॅमिड म्हणतात. जागा फार जाईल अशी भीती वाटते. पण पाव, त्याचा पाव, त्याचाही पाव अशी बेरीज केली की ती मूळच्या एक तृतीयांशावर थांबते. तेवढ्या किमतीत दर झूमला योग्य मापाची प्रत हाताशी असते. क्यूजीआयएसमध्ये रास्टर लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'पिरॅमिड्स' नावाचं पानच आहे.

दुसरी गोष्ट, फाइल ओळीओळीनं साठवलेली असते. हजार गुणिले हजार ठिपक्यांचा दूधविनायक बघायला हजार पूर्ण ओळी, म्हणजे २ कोटी ३६ लाख ठिपके उचलावे लागतात. तीच फाइल २५६ च्या चौकोनी फरश्यांत साठवली, तर फार तर २५ फरश्या, म्हणजे साडेसोळा लाखांच्या आत काम होतं. २००५ च्या फेब्रुवारीत गूगल मॅप्स आलं आणि लोक थक्क झाले, ते याच फरश्यांमुळे. दर पायरीला फरश्या चौपट. अठराव्या पायरीवर काशीच्या अक्षांशाला एक ठिपका सुमारे ५४ सेंटिमीटरचा, म्हणजे आपली दोन मीटरची गल्ली जेमतेम चार ठिपक्यांची.

डेस्कटॉपवर हे शहाणपण सावकाश आलं. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीनं ग्राम++ हे देशी पॅकेज घडवलं. बाहेर गॅरी शर्मन यांनी २००२ मध्ये क्यूजीआयएस सुरू केलं. बारा वर्षं त्यात चित्र पूर्ण होईपर्यंत खिडकी गोठलेली असायची. २०१४ च्या २.४ आवृत्तीत रेखाटनाचं काम वेगळ्या धाग्यांवर गेलं आणि अर्धवट चित्र सोडून पुढे झूम करता येऊ लागलं. माझ्या मते नेहमीच्या वापरात या एका बदलानं जेवढा फरक पडला, तेवढा नव्या संगणकानंही पडत नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. रेघा सुलभ करण्याची डग्लस-पॉइकर रीत १९७३ ची. नदीच्या काठाला ती छान लागते. पण पाच मीटरची सूट देऊन काशीच्या गल्ल्या सुलभ केल्या, तर गल्ली सरळ कुणाच्या तरी माजघरातून जाते. सुलभीकरण पडद्यापुरतं ठेवा, फाइलीत जतन करू नका.

काय केव्हा दाखवायचं, हा निर्णय मात्र यंत्राचा नाही. कैलासनाथ सुकुल यांचं १८७६ चं 'काशीदर्पण' पाहा: यात्रेकरूंसाठी केलेला हा नकाशा मापाला धरून नाही, महत्त्वाला धरून आहे. काशीचे छप्पन्न विनायकही परंपरेनं आठ-आठांच्या सात आवरणांत मांडले आहेत. बाहेरचे पंचक्रोशीच्या वाटेवर, आतले विश्वनाथाजवळ. प्रत्येक आवरणाला वेगळी दृश्यमर्यादा दिली, तर झूम करता करता यात्रा आत सरकताना दिसते, आणि न दिसणारे थर रेखाटावे लागत नाहीत म्हणून वेगही वाढतो.

हे सगळं आज निकडीचं आहे. १३ डिसेंबर २०२१ ला विश्वनाथ धामाचं लोकार्पण झालं, त्यासाठी मंदिर ते गंगा या पट्ट्यातल्या तीनशेच्या वर इमारती घेऊन पाडल्या गेल्या. तिथल्या गल्ल्या आता नकाशांतच आहेत. दूधविनायक त्या पट्ट्याच्या उत्तरेला, शाबूत आहे. घरातली म्हातारी माणसं अजून बोट ठेवून कोनाडा दाखवू शकतात. पण त्यांच्यासमोर नकाशा लगेच मोठा झाला पाहिजे. वीस सेकंद थांबून त्यांची आठवण दुसरीकडे वळते.

तेव्हा जुना नकाशा आजच्यावर बसवताना घाट आणि देवळं पक्की धरा. धरहऱ्याचे मिनार आता नाहीत. वाकवलेली नवी फाइल आजच्या नकाशाच्याच निर्देशांक-पद्धतीत एकदाच जतन करा, म्हणजे दर झूमला रूपांतराचा हिशेब नको. ती फरश्यांत साठवा आणि पिरॅमिड शेवटी बांधा. आधी बांधलेत, तर ते मूळ स्कॅनचे असतील, नव्या फाइलीला त्यांचा उपयोग नाही.