ठोसा टिकतो, पाय थकतात

मनुष्याच्या सर्व शक्ती एकाच वेळीं ओसरत नाहींत. व्यावसायिक मुष्टियुद्धांत तर त्यांच्या ऱ्हासाचा क्रम फार स्पष्ट दिसतो. पायांची चपळाई आणि ठोसा दिसतांच अंग चुकविण्याचें कसब प्रथम मंदावतें. मुठींतील बळ मात्र पुष्कळ काळ टिकतें. तीन अमेरिकन जगज्जेत्यांच्या चरित्रांवरून हें सहज ध्यानांत येईल.

पहिला जो लुई. त्यानें १९३७ सालीं मिळविलेलें अजिंक्यपद जवळजवळ बारा वर्षें राखलें व १९४९ सालीं निवृत्ति पत्करली. परंतु थकलेल्या प्राप्तिकराच्या ओझ्यामुळें त्यास पुन्हां रिंगणांत उतरावें लागलें. ऑक्टोबर १९५१ मध्यें न्यूयॉर्क येथें २८ वर्षांच्या रॉकी मार्सियानोनें ३७ वर्षांच्या लुईस आठव्या फेरींत चीत केलें. ती लुईची अखेरची लढत ठरली.

दुसरा महंमद अली. तारुण्यांत त्याची खरी ढाल म्हणजे त्याचे पाय. हात खालीं ठेवूनही तो प्रतिस्पर्ध्याच्या टप्प्याबाहेर राही. सैन्यांत जाण्यास नकार दिल्यामुळें १९६७ पासून सुमारें साडेतीन वर्षें त्यास लढतां आलें नाहीं. तो परतला तेव्हां पूर्वीची चपळाई उरली नव्हती. म्हणून तो मार सोसून लढूं लागला. १९७४ सालीं किन्शासा येथें दोरांना टेकून त्यानें जॉर्ज फोरमनला दमविलें व आठव्या फेरींत पाडलें. युक्ति यशस्वी झाली. पण असल्या यशाची किंमत शरीरास द्यावी लागते. त्याचे वैद्य फर्डी पाचेको यांनीं निवृत्तीचा सल्ला दिला. तो मानला न गेल्यामुळें १९७७ सालीं त्यांनीं अलीची साथ सोडली. पुढें ऑक्टोबर १९८० मध्यें, ३८ व्या वर्षीं, एके काळीं त्याच्याच सरावांतील सोबती असलेल्या लॅरी होम्सपुढें तो हतबल झाला. दहाव्या फेरीनंतर त्याच्या शिक्षकानें लढत थांबविली. १९८४ सालीं त्यास कंपवातासारख्या व्याधीनें ग्रासल्याचें निदान झालें. तींत डोक्यावरील आघातांचा वांटा किती, याविषयीं वैद्यांत मतभेद आहेत; मात्र असे आघात मेंदूस अपायकारक असतात, याविषयीं शंका नाहीं.

तिसरा तोच फोरमन. १९७७ सालीं निवृत्त होऊन तो धर्मोपदेशक झाला आणि दहा वर्षांनीं परतला. आतां तो धांवपळ करीत नसे. पाय रोवून संधीची वाट पाही. नोव्हेंबर १९९४ मध्यें २६ वर्षांच्या मायकेल मूररविरुद्ध नऊ फेऱ्या तो गुणांत मागें होता. दहाव्या फेरींत उजव्या हाताच्या ठोशानें मूरर कोसळला आणि ४५ व्या वर्षीं फोरमन पुन्हां जगज्जेता झाला.

हा वयावरील विजय नव्हे. शक्तींच्या ऱ्हासाचा क्रमच त्यानें सिद्ध होतो. खरा धोका याच क्रमांत आहे. मूठ शाबूत असल्यामुळें योद्धा स्वतःस तरुण समजतो; परंतु दुसऱ्याची मूठ चुकविणारे पाय केव्हांच थकलेले असतात. लुईस हरविणारा मार्सियानो १९५६ सालीं, ३२ व्या वर्षीं, ४९ लढतींत एकदांही न हरतां निवृत्त झाला आणि पुन्हां व्यावसायिक रिंगणांत उतरला नाहीं. त्याचा हा निर्णय त्याच्या कोणत्याही विजयाइतकाच मोलाचा होता.