पाहुणा खेळाडू

धान कापून झालं की धानोऱ्याकडच्या बांध्या मोकळ्या होतात आणि पोरं त्यात स्टंप रोवतात. टेनिस बॉल, धुऱ्यापलीकडे गेला की सहा धावा. रात्री मंडईतलं नाटक, दिवसा क्रिकेट. २०१७ च्या डिसेंबरात याच दिवसांत आमच्यात एक वाद रंगला होता : वसीम जाफरने विदर्भाकडून खेळावं की नाही?

मी ‘नको’ म्हणणाऱ्यांत होतो, हे आधीच कबूल करतो. रणजी संघात बाहेरच्या राज्यांतून पाहुणे खेळाडू घेता येतात, आणि अशी प्रत्येक जागा कुठल्यातरी स्थानिक पोराची जाते, असा माझा हिशेब. जाफर २०१५ मध्ये मुंबई सोडून आमच्याकडे आला. पुढचा अख्खा हंगाम दुखापतीने बसून होता. शेवटची कसोटी २००८ ची, कानपूरची. वय एकोणचाळीस. आमच्या गडचिरोलीच्या पोराला आधीच नागपूरच्या नेट्सपर्यंत पोचायला दोनशे किलोमीटर, त्यात वर हा म्हातारा.

माझा मित्र मात्र जाफरचा वकील. १९९६ मध्ये राजकोटला, आपल्या दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात जाफरने नाबाद ३१४ केल्या, तेव्हापासूनचा. संघातून वगळला गेला तेव्हाही आणि मुंबई सुटली तेव्हाही हा हटला नाही. मी आकडे पुढे केले की एकच बोलायचा, ‘बाप म्हातारा झाला म्हणून बदलतो का गा तू?’

यावर उत्तर नसतं. पण नंतर मी जुनं वाचत गेलो, तेव्हा माझाच मुद्दा मला उलटा दिसू लागला. सी. के. नायडू नागपूरचे, जन्म १८९५ चा. आमचा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यात, चांदा मध्य प्रांतात आणि प्रांताची राजधानी नागपूर. म्हणजे नायडू आमचेच. १९२३ मध्ये होळकरांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतलं आणि ते इंदूरचे झाले. १९२६ साली मुंबईत एम.सी.सी.विरुद्ध त्यांनी १५३ धावा काढल्या, त्यात अकरा षटकार. १९३२ मध्ये लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्या कसोटीचे ते कर्णधार. हे सगळ्यांना पाठ असतं. मला त्यानंतरचा माणूस जास्त मोठा वाटतो. पन्नाशी उलटल्यावरही ते होळकर संघाचं नेतृत्व करत होते, रणजी जिंकून देत होते. १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात मुंबईच्या दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसला, दात पडले. वय छप्पन्न, आणि गडी खेळत राहिला. साठी ओलांडून १९५६-५७ मध्ये ते उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले. इंदूरच्या एखाद्या पोराने तेव्हा म्हटलं असेलच ना, हा नागपूरचा म्हातारा आमची जागा अडवून बसलाय म्हणून?

तर त्याच इंदुरात, होळकरांचंच नाव असलेल्या स्टेडियमवर, विदर्भाचा पहिला रणजी अंतिम सामना झाला. समोर दिल्ली. धानोऱ्यात मोबाइलला रेंज येत होती, जात होती. स्कोअर तुकड्यातुकड्याने कळायचा. रजनीश गुरबानीने हॅट्‌ट्रिक घेतली. अक्षय वाडकरने शतक ठोकलं, १३३. आदित्य सरवटेने ७९ केल्या. ज्यांची जागा जाफर खातो असं मी म्हणत होतो, तीच ही पोरं. आणि जाफरच्या पहिल्या डावात ७८. तिसऱ्या क्रमांकावर तो होता म्हणून खालची पोरं मोकळी खेळत होती, हे मला फार उशिरा कळलं. १ जानेवारी २०१८ ला जिंकायला एकोणतीस धावा हव्या होत्या; जाफरने एकाच षटकात चार चौकार मारून काम संपवलं. तो सबंध हंगाम तो मानधन न घेता खेळला होता, हे नंतर वाचलं. मित्राला सांगितलं, तर म्हणाला, ‘मग?’

मार्चमध्ये जामठ्याला इराणी करंडक लागला. जाफरला चाळीस पूर्ण होऊन महिना व्हायचा होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो २८५ वर नाबाद. मित्राने लगेच पिशवी भरली, आणि मीही. गडचिरोलीहून रात्रीची एसटी, नागपुरात पहाटे चहा, तिथून वर्धा रोडने जामठा. स्टँडमध्ये माणसं तुरळक. जाफरने एक धाव काढली आणि सिद्धार्थ कौलने त्याचा त्रिफळा उडवला. २८६.

दोनशे किलोमीटर येऊन एक धाव! मी मित्राकडे पाहिलं. तो उभा राहून टाळ्या वाजवत होता, जाफर पायऱ्या चढून आत दिसेनासा होईपर्यंत. मग खाली बसला, डबा उघडला आणि मला म्हणाला, ‘आता बस खाली, वाडकर अजून यायचा आहे.’