भानू अथैया यांची फॅशन रेखाटने

भानू अथैया (पूर्वाश्रमीच्या राजोपाध्ये, २८ एप्रिल १९२९, कोल्हापूर – १५ ऑक्टोबर २०२०, मुंबई) यांनी चित्रपटांच्या वेशभूषाकार होण्यापूर्वी मुंबईतील नियतकालिकांसाठी फॅशन रेखाटने केली.

पार्श्वभूमी

पोशाखाचा घाट, कापडाचा पोत आणि चुण्यांची पडण मोजक्या रेषांत दाखविणे हे फॅशन रेखाटनाचे कार्य होय. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये ही कला बहरली. १९४७ मध्ये ख्रिस्तियाँ दिओर यांनी सादर केलेले बारीक कंबरेचे, घेरदार पोशाख रने ग्रुओ यांच्या चित्रांतून सर्वदूर पोहोचले.

मुंबईतील कार्य

अथैया यांनी सर जे. जे. कला विद्यालयात चित्रकलेचे शिक्षण घेतले. १९५३ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे होती. त्याच सुमारास त्या 'ईव्हज वीकली' या इंग्रजी साप्ताहिकासाठी रेखाटने करीत. साप्ताहिकाच्या संपादिकेने बुटीक काढल्यावर त्यांना कपड्यांची रचना करण्यास सुचविले. अशा प्रकारे त्यांची रेषा कागदावरून कापडावर उतरली आणि स्वतंत्र चित्रकारिता मागे पडली.

पुढील वाटचाल

'सी.आय.डी.' (१९५६) पासून त्यांनी चित्रपटांसाठी वेशभूषा केली. 'गांधी' (१९८२) या चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत.